डाव्या तळहातावरची गाठ

कॅन्सर आहे हे कळल्यावर मी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर पोरीच्या थोबाडीत मारली.

लातूरच्या लॅबबाहेर, भर दुपारी, माणसं बघत असताना. गौरी माझी एकुलती एक, लातूरलाच कॉलेजात शिकते. रिपोर्ट तिनं आधी उघडला, वाचला आणि म्हणाली, "मम्मी, घाबरू नको." बस्स, एवढंच. मी डावखुरी, त्यामुळं उठला तो डावाच हात. तळहातावरची पट्टी सुटली, जखम फुटली आणि पोरीच्या गालाला माझं रक्त लागलं. ती रडली नाही. पर्समधून रुमाल काढून तिनं आधी माझा हात बांधला, मग स्वतःचा गाल पुसला.

घामाच्या ग्रंथीचा कॅन्सर. असं काही असतं हे मला माहीत नव्हतं. आपल्याला घाम येतो तो कुठून येतो, हा विचार तरी कोण करतं? मी अहमदपूरला ब्लाउज शिवते. बायकांची मापं, गळे, अस्तर, हुक एवढंच माझं ज्ञान. नांदेडच्या डॉक्टरबाई म्हणाल्या म्हणून हे लिहायला घेतलं. त्या म्हणाल्या, "हा आजार फार कमी दिसतो. ज्याला होईल त्याला बोलायला माणूस सापडत नाही. तुम्ही लिहून ठेवा." ठीक आहे. पण मी गोड गोड लिहिणार नाही. माझा स्वभाव तसा नाही आणि जे झालं तेही तसं नव्हतं.

माझा डावा हात

माझं माहेर चाकूर तालुक्यातलं. डाव्या हातानं घास उचलला म्हणून आईनं एकदा तापलेलं उलथनं मनगटावर टेकवलं होतं. तेव्हा मी चार वर्षांची असेन. शाळेत डाव्या हातात पेन्सिल दिसली की गुरुजी बोटांच्या पेरांवर पट्टी उभी मारायचे. अशा तऱ्हेनं मला उजव्या हातानं जेवायला आणि लिहायला शिकवलं गेलं. बाकी सगळं, म्हणजे कात्री, सुई, झाडू आणि चापट, डाव्यानंच चाललं. डावखुऱ्यांची कात्री इकडं मिळत नाही, ती मालकांनी हैदराबादहून आणून दिली होती. मालक म्हणजे माझा नवरा, मन्मथअप्पा. किराण्याचं दुकान चालवतात आणि दिवसाला दहा वाक्यं बोलतात.

या डाव्या हाताला आयुष्यात एकाच कामासाठी मान मिळाला. आम्ही लिंगायत. प्रत्येकाच्या गळ्यात स्वतःचं इष्टलिंग असतं, बायकांच्याही. सकाळी आंघोळ करून ते डबीतून काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, पाणी, भस्म, बेल वाहायचा आणि त्याच्याकडं बघत बसायचं. डाव्याच तळहातावर. माझ्या आईला ते कधी विचित्र वाटलं नाही. मला मात्र रोज वाटायचं की बघा, ज्या हाताला तुम्ही डाग दिलात त्याच हातावर देव बसलाय.

गाठ

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्या मुळाशी, तळहातावर, तुरीच्या डाळीएवढं काहीतरी लागायला लागलं. मला वाटलं कात्रीचा घट्टा. मग ते हरभऱ्याएवढं झालं. दुखत नव्हतं.

ते पहिल्यांदा पाहिलं सासूबाईंनी. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. पूजेला मी त्यांच्या शेजारी बसायची. लिंग तळहातावर ठेवलं की ते बरोबर त्या गाठीला टेकायचं आणि अजिबात हलायचं नाही. आत्यांनी चष्मा लावून दोन-तीन दिवस निरखून पाहिलं आणि मग म्हणाल्या, "शिवकांता, लिंगानं जागा केली गं तुझ्या हातावर. बसायला पाट केला की त्यानं."

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बायका यायला लागल्या. आत्या माझा हात धरून उघडून दाखवायच्या. बायका गाठीला बोट लावून ते कपाळाला लावायच्या. एक म्हातारी उदगीरहून आली होती, ती माझ्या पायाच पडली. आत्यांनी रोज त्या गाठीवर भस्म चोळायला आणि पूजेचं तीर्थ लावायला सुरुवात केली.

इथं मला खरं लिहायचं आहे. मला हे आवडत होतं. फार आवडत होतं. ब्लाउज नीट बसला नाही म्हणून माझ्याशी भांडणाऱ्या बायका आता माझ्यासमोर पदर सावरून बसत होत्या. गौरी सुटीत आली की म्हणायची, "मम्मी, डॉक्टरला दाखव." मी तिला म्हणायची, "तू चार बुकं शिकलीस म्हणून देवाला शिकवू नको."

आणि दुसरं खरं. आमच्याकडं येणारे जंगम स्वामी, म्हणजे आम्हा लिंगायतांचे गुरू, एकदा घरी आले तेव्हा आत्या बाजारात गेल्या होत्या. मी पाया पडले आणि मोठ्या दिमाखात हात पुढं केला. स्वामींनी गाठ दाबून पाहिली. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "माय, हे भस्मानं जायचं न्हाई. अन् हा कसला पाट बी न्हाई. दवाखान्यात दाखव. उद्याच जा." मी हो म्हणाले. त्यांना चहा दिला. आणि ते काय म्हणाले ते मी कोणालाही सांगितलं नाही. आत्यांना नाही, मालकांना नाही. त्यानंतर वर्षभर ती गाठ बायकांना दाखवत राहिले.

पहिली कापाकापी

एक दिवस पूजा चालू असताना गाठ फुटली. लिंगावर रक्त आलं. आत्या किंचाळल्या. मी लिंग धुतलं, पुसलं, डबीत ठेवलं आणि तेव्हा कुठं दवाखान्यात गेले.

तेही जवळच्याच एका डॉक्टरकडं. त्यानं सुन्न व्हायचं इंजेक्शन दिलं, पण ते पूर्ण चढायच्या आत ब्लेड लावलं. मी टेबलाची कड उजव्या हातानं धरली होती, त्या कडेचं सनमायका उचकटून माझ्या नखात शिरलं. "झालं, झालं, चरबीची गाठ आहे," असं म्हणत त्यानं ती कापली आणि पायाशी ठेवलेल्या बादलीत टाकली. तपासायला पाठवली नाही. पाठवायची असते हे मलाही ठाऊक नव्हतं. हे वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते, अंगातून काढलेला कुठलाही तुकडा बादलीत जाऊ देऊ नका. भांडा, ओरडा, पण तो तपासायला लावा.

चार महिन्यांत गाठ परत आली, पहिलीपेक्षा मोठी आणि बोरासारखी लाल. आता ती रात्रंदिवस ठणकायची. या वेळी गौरीनं मला विचारलंच नाही. दंडाला धरून बसमध्ये बसवलं, लातूरला नेलं आणि तुकडा काढायला लावला. त्याच रिपोर्टच्या दिवशी तिनं माझा मार खाल्ला.

घरातलं युद्ध

नांदेडच्या डॉक्टरबाई शांत आवाजाच्या. त्यांनी हाताचे सगळे फोटो पाहिले आणि सांगितलं, "दोन बोटं आणि त्यांच्या खालचा तळव्याचा भाग काढावा लागेल. आत जास्त पसरलं असेल तर मनगटापासून हात जाईल. ते उघडल्यावरच कळेल. काखेतल्या गाठीही काढून तपासू."

म्हणजे भूल चढताना मला माहीत नसणार की उठल्यावर हात असेल की नाही.

घरी आल्यावर आत्या म्हणाल्या, "लिंगाची जागा कापायची? ह्या घरात असलं चालायचं न्हाई. पूजा कशावर करशील गं? थुटक्यावर?"

माझ्या हातात कात्री होती. मी ती फेकली. आत्यांच्या अंगावर नाही, त्यांच्या डोक्यामागच्या कपाटावर. निदान आज मी असं म्हणते. कात्री आरशात शिरली आणि काचा आत्यांच्या खांद्यावर पडल्या. मी ओरडत होते, "तुम्ही केलं हे! तुम्ही मला नाचवलं गल्लीभर! तुमच्यामुळं चालला माझा हात!"

आत्या काचांमध्ये तशाच बसून राहिल्या. मालक दुकानातून धावत आले, त्यांनी एक काच उचलली, दुसरी उचलली, तिसरी उचलताना त्यांचा अंगठा कापला आणि तो माणूस तिथंच खाली बसून ढसाढसा रडायला लागला. "लई झालं," एवढंच म्हणत होते. "लई झालं, लई झालं."

त्या वेळी मला स्वामींचे शब्द स्पष्ट आठवत होते. तरी मी आत्यांनाच बोल लावला.

टेबलावर

संमतीच्या कागदावर 'मनगटापर्यंत' असं लिहिलं होतं. मालकांच्या हातातून पेन पडलं. मग मी सही केली आणि खाली नातेवाईक म्हणून गौरीनं.

ऑपरेशनच्या दारात सिस्टरनं बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र काढून घेतलं. मग गळ्यातल्या डबीला हात घातला. मी तिचा हात झटकला. आमच्यात लिंग मरेपर्यंत अंगावेगळं करत नाहीत. ती म्हणाली, "ओ बाई, आत धातू चालत नाही." मी म्हणाले, "मग मी पण चालत नाही." तिनं पुन्हा हात पुढं केला, मी तो पिरगळला. खोटं कशाला बोलू, चांगला जोरात पिरगळला. दोन माणसं धावत आली.

तेवढ्यात भूल देणारे डॉक्टर बाहेर आले. वयस्कर, पांढरी दाढी, मुसलमान. सिस्टरला बाजूला करून मला म्हणाले, "काय हाय माय, काढायचं न्हाई ना हे? डबी चांदीची हाय, ती ठेवा बाहेर. आतलं सोवळ्या कापडात गुंडाळा अन् डोक्याला बांधा. वरून टोपी घालू आपण. माझ्या अम्मीच्या दंडावर बी तावीज व्हता. तिनं बी असाच दंगा केल्ता, पण तिनं कुणाचा हात न्हवता मोडला."

गौरीनं कापडात लिंग गुंडाळून माझ्या कपाळाच्या वर बांधलं. त्यावर हिरवी टोपी आली. मी सिस्टरची माफी मागितली. ती म्हणाली, "राहू द्या, चांगली ताकद आहे तुमच्या हातात." मग दोघींनाही कळलं ती काय बोलून गेली.

उठल्यावर

जाग आली तेव्हा डावा हात वर टांगलेला होता आणि त्यावर फुटबॉलएवढं बँडेज होतं. आत काय आहे ते कळायला मार्ग नव्हता. आणि सगळी पाचही बोटं दुखत होती. करंगळी तर अशी दुखत होती की कोणीतरी ती मागं वाकवून मोडतंय. मी म्हटलं, दुखतायत म्हणजे आहेत.

सिस्टर म्हणाली, "डॉक्टर येऊन सांगतील." हे उत्तर ऐकल्यावर माझं डोकं फिरलं. मी उजव्या हातानं बँडेज ओढायला लागले. दातानं पट्टी धरली. नळी निघाली, चादरीवर रक्त झालं. मी ओरडत होते, "दाखवा मला! माझा हात हाय, मला दाखवा!"

शेजारच्या खाटेवर बिलोलीच्या कमलताई कांबळे होत्या, अंगणवाडी सेविका. साखरेमुळं त्यांच्या पायाची तीन बोटं काढली होती. त्या खाटेवरून उतरल्या, एका पायावर उड्या मारत माझ्यापाशी आल्या आणि माझ्या थोबाडीत अशी ठेवून दिली की कानात घंटा वाजली.

"काय करून राहिलीस गं? टाके तोडतीस का?" त्यांनी माझं उजवं मनगट गुडघ्याखाली दाबून धरलं. "गप पड. तुझी पोरगी बाहेर म्हणली मला. मनगट हाय. दोन बोटं गेली, तीन हायत. ऐकलंस का? तीन हायत."

"खरंच?"

"मी तुला खोटं बोलू? मला पायावर मोजून दावता येत न्हाई म्हून हातावर दावते. हे बघ. अंगठा, हे अन् हे."

तेव्हा मी रडले. घर सोडल्यापासून पहिल्यांदा. त्या रडू देत बसल्या, मग सिस्टर त्यांना रागावून खाटेवर घेऊन गेली. पुढं आठ दिवस रोज सकाळी कमलताईंनी माझी वेणी घातली. फार ओढून घालायच्या. डोळे बारीक व्हायचे.

वॉर्डात दिवस म्हणजे तापमापक, गोळ्या, ड्रेसिंग, पुन्हा तापमापक. ड्रेसिंगची वेळ जवळ आली की मी दाराकडं बघत बसायची. चिकटलेलं कापड निघताना मी ड्रेसिंगच्या सिस्टरला मला स्वतःलाही आजवर माहीत नसलेल्या शिव्या ऐकवल्या. ती म्हणायची, "अजून एक द्या, म्हणजे झालंच." तिचं हे म्हणणं मला अजून बरं वाटतं.

आत्या तिसऱ्या दिवशी आल्या. माझ्याकडं न येता आधी ऑफिसात गेल्या आणि तिथं बोटं मागायला लागल्या. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. त्यांनी सोबत नवं पांढरं कापड आणलं होतं. क्लार्क म्हणाला, बोटं तपासणीला गेलीत, परत मिळत नाहीत. आत्यांनी काठी टेबलावर आपटली आणि त्याची काच तडकवली. "माझ्या सुनेची बोटं हायत ती! कचऱ्यात टाकता का तिला?" शेवटी डॉक्टरबाईंनी त्यांना खुर्चीत बसवून समजावलं की त्या बोटांवरूनच कळणार आहे, आजार संपला की उरला. आत्यांनी कापडाची घडी केली आणि पिशवीत ठेवली. माझ्या खाटेपाशी आल्या, उभ्याच राहिल्या, आणि म्हणाल्या, "भाकर आणलीय. खा."

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. कडेला काही उरलं नव्हतं. काखेतल्या गाठी साफ होत्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, दर काही महिन्यांनी तपासायला यायचं, आणि वर्षानुवर्षं यायचं. कंटाळून थांबू नका असं मीही सांगेन.

नसलेली बोटं

घरी आल्यावर जे सुरू झालं त्याची तयारी कोणीच करून घेतली नव्हती. कापलेली करंगळी जळायची. नसलेल्या बोटाला कोणी पक्कड लावून पिळतंय असं वाटायचं. मी ताट फेकलं. दूध सांडलं. मालकांच्या पाठीवर बुक्क्या मारल्या आणि ते पाठ देऊन उभे राहिले. एकदा तर मी थुटका भाग दारावर आपटला, दुसऱ्या दुखण्यानं तरी हे दुखणं थांबेल म्हणून. थांबलं नाही. टाका उसवला. पुढं गोळ्या बदलल्या, व्यायाम दिले, आरशासमोर उजवा हात हलवायला शिकवलं, तेव्हा ते हळूहळू कमी झालं. असं होत असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. तुम्ही वेड्या झालेल्या नाहीत.

आणि प्रत्येक कळेला मी आत्यांना एकच ऐकवायची, "तुमच्यामुळं." त्या कधी उलटून बोलल्या नाहीत. ज्या बाईनं भाजीवाल्याला कधी एक शब्द जास्त बोलू दिला नाही, ती माझ्यासमोर मान खाली घालून डाळ निवडत बसायची.

तीन बोटांनी कात्री धरता येते. मापात अर्ध्या बोटाचा फरक पडतो, तो मी शिवताना काढते. पूजेला तळहातावर कापडाची घडी ठेवते, लिंग घसरत नाही. स्वामी एकदा येऊन गेले. त्यांनी हात पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. आत्या त्यांना सांगत होत्या, "म्याच ठेवलं तिला घरात, स्वामी. म्याच भस्म चोळलं." स्वामी तरीही काही बोलले नाहीत. मी चहा आणायच्या निमित्तानं आत गेले.

हे का लिहिलं

मागच्या महिन्यात गल्लीतल्या बायका बसल्या होत्या. त्यातली एक सुस्कारा टाकून म्हणाली, "लिंगानंच नेला म्हणायचा हात. त्याची मर्जी."

आत्या ताडकन उठल्या. गुडघे धरलेल्या बाईला इतक्या वेगानं उठताना मी कधी पाहिलं नव्हतं. "लिंगानं न्हाई नेला. म्या नेला! देवाचं नाव घेऊ नको. म्या म्हातारीनं नेला माझ्या सुनेचा हात, तुम्ही समद्याजणी ऐकून घ्या!" बायका एकेक करून उठून गेल्या.

मी मशीनवर बसले होते. पाय पायडलवर तसाच राहिला. मला वाटलं, ही बाई हे डोक्यावर घेऊन मरेल, आणि मी तिला मरू देईन, कारण मला ते सोयीचं आहे.

मी आत्यांच्या पुढ्यात जाऊन बसले आणि सांगितलं. स्वामी आले होते ते. उद्याच दवाखान्यात जा म्हणाले ते. मी वर्षभर कोणाला बोलले नाही ते. का बोलले नाही तेही. सगळं एका दमात. त्या दिवशी काचांमध्ये बसलेल्या तुम्हाला पाहतानाही मला हे आठवत होतं, असंही सांगितलं.

आत्यांनी पुढ्यातलं डाळ निवडायचं सूप बाजूला सारलं. मग त्यांनी काठी उचलली आणि माझ्या पाठीत घातली. एकदा, मग पुन्हा एकदा. चांगल्या जोरानं.

"हात कापला व्हता तुझा, जीभ कापली व्हती का गं?" त्या ओरडल्या. "सा म्हैने! सा म्हैने म्या तोंडात घास घालताना इचार करायची, की हा हात म्या खाल्ला!"

मी पाठ तशीच पुढं ठेवली. त्यांना धाप लागली, त्या खाली बसल्या, काठी बाजूला ठेवली.

"लागलं का?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"हाव. लागलं."

"बरं झालं," आत्या म्हणाल्या, आणि डाळीचं सूप माझ्याकडं सरकवलं. "खडे काढ. तीन बोटं हायत की तुला."